बर्फात रमलेला कुत्रा आणि घरी परतण्याची वेळ

"आमचा दोन वर्षांचा लॅब्रेडोर बर्फ पडला की घरात यायलाच तयार नसतो. मुलांना तेच हवे असते, आणि सध्या आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाईंचा मात्र जीव खालीवर होतो. कोणाचे ऐकावे?" असे एका वाचक भगिनीने विचारले आहे.

त्याला बाहेर जरूर जाऊ द्यावे. लॅब्रेडोरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतली दाट, मऊ लव ऊब धरून ठेवते आणि वरचे राठ केस पाणी अडवतात. पंजांचीही निसर्गाने सोय केलेली आहे. तळव्याकडे ऊब नेणाऱ्या आणि गार रक्त परत आणणाऱ्या रक्तवाहिन्या अगदी एकमेकींना लागून असल्यामुळे परतणारे रक्त वाटेतच कोमट होते, आणि म्हणूनच आपण जाड बूट घालून कुडकुडत असताना तो अनवाणी उभा राहून शेपटी हलवत असतो. बर्फात डोळ्यांपर्यंत नाक खुपसायचे, फुरफुर करत बाहेर काढायचे आणि पुन्हा दोन पावलांवर तेच करायचे, हा त्याचा उद्योग पाहण्यासारखा असतो, आणि तो हिरावून घेण्याचे काहीच कारण नाही.

मात्र सासूबाईंची काळजी अगदीच अनाठायी नाही. खेळाच्या भरात कुत्र्याला थंडीचे भान राहत नाही, त्यामुळे परतण्याची वेळ आपणच ठरवायची असते. तापमान शून्याच्या आसपास असेल आणि तो धावत असेल, तर अर्धा तास सहसा निभावतो. उणे सात अंशांच्या खाली, किंवा बोचरा वारा आणि ओले अंग यांची गाठ पडली, तर थोडक्यात आटोपावे. पिल्ले, म्हातारी कुत्री आणि आखूड केसांच्या सडपातळ जाती यांना ही सवलतही देऊ नये. अंग थरथरणे, पाय आळीपाळीने उचलणे, पाठीला बाक काढून चालणे, खेळ सोडून दाराकडे पाहत राहणे, यांतले एक जरी दिसले तरी लगेच घरी आणावे. थरथर थांबून कुत्रा सुस्त पडला, तर त्याला आराम वाटू लागला असे समजू नये. ते शरीराचे तापमान धोकादायकरीत्या उतरल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी त्याला कोरड्या पांघरुणात गुंडाळून थेट पशुवैद्यांना गाठावे. कानांची किंवा शेपटीची टोके पांढुरकी अथवा निळसर दिसली, तर ती चोळू नयेत.

माझ्या मते मात्र खरा त्रास बर्फापेक्षा तो वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा होतो. ते पंजांच्या भेगांत जाऊन चुरचुरते आणि कुत्रा पंजे चाटू लागला की पोटात जाऊन उलट्या होऊ शकतात. मोटारींतून गळणारे अँटीफ्रीझ, म्हणजे इंजिनातले पाणी गोठू नये म्हणून घातलेले द्रव्य, तर त्याहून घातक असते, कारण त्यातले एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड लागते आणि थोड्या प्रमाणातही मूत्रपिंडे निकामी करते. ते चाटल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट पाहत बसू नये.

आमच्या घरची कुत्री एकदा भर रस्त्यात तीन पायांवर उभी राहिली. पाय मोडला की काय, या विचाराने माझे हातपाय गळाले. पण पंजा उलटून पाहिला तर बोटांमधल्या केसांत वाटाण्याएवढ्या बर्फाच्या गोळ्या घट्ट बसल्या होत्या. अशा गोळ्या ओढून काढू नयेत, हाताच्या उबेने किंवा कोमट पाण्याने विरघळू द्याव्यात. हिवाळ्यापूर्वी बोटांमधले केस तळव्याच्या पातळीला कापून घेतले, तर हा प्रसंग सहसा येत नाही. अंगावरचे केस मात्र भादरू नयेत.

गोठलेल्या तळ्याजवळ पट्टा सोडू नये, हे मुलांना बजावून ठेवावे. बर्फ ओळखीचे वास झाकून टाकतो, त्यामुळे लांब गेलेला कुत्रा वाटही चुकू शकतो.

आता सासूबाईंविषयी. दाराशी कोमट पाण्याचे पसरट भांडे आणि जाड टॉवेल ठेवून ते खाते त्यांच्याकडे सोपवून पाहा. एकेक पंजा बुडवायचा, बोटांच्या फटींत बोट फिरवायचे, आणि पोटाखालचे ओले केस नीट कोरडे करायचे. लॅब्रेडोर शेवटचा पंजा द्यायला बहुधा कुरकुर करील, पण त्यांनी तो सोडू नये.