म म्हणजे मेथी नव्हे

अरे, बीजगणितात ३म + २क दिसलं की लगेच ५मक करू नकोस. सातवीत मीही तेच करायचो. मंडईत चक्कर मार. म म्हणजे मेथी नव्हे, मेथीच्या एका जुडीचा भाव. क कोथिंबिरीच्या जुडीचा. म २० आणि क १० असेल तर ६० + २०, म्हणजे ८० रुपये. तुझे ५मक? ५ × २० × १०, म्हणजे १०००! भाजीवाल्या मावशी तुला रोज बोलावतील. शंका आली की अशा किमती ठेवून बघायचं, चूक तिथेच उघडी पडते. भाव बदलतो म्हणून तो चल. ३म मधला ३ हा सहगुणक. ३म आणि ४म मात्र सजातीय, म्हणजे दोन्हीत अक्षर एकच; त्यांची बेरीज खुशाल ७म कर. अक्षरांचं भय कसलं? भास्कराचार्य तर अज्ञात राशींना कालक, नीलक अशी रंगांची नावं द्यायचे.