प्रार्थना करूनही मन थाऱ्यावर येत नाही

ताई, मी अडतीस वर्षांची आहे. नोकरी, दोन मुलं, आजारी सासूबाई, घराचा हप्ता असं सगळं सांभाळते. शिवाय चर्चमध्ये संडे स्कूल शिकवते, गायनमंडळात आहे आणि महिला मंडळाचा हिशोबही माझ्याकडेच आहे. गेले काही महिने पहाटे तीनला जाग येते, छाती धडधडते आणि उद्याची कामं डोक्यात रांग लावतात. प्रार्थनेला बसले की दोन मिनिटांत मन ऑफिसच्या मेलमध्ये शिरतं. रडू आलं तर बाथरूममध्ये नळ सोडून रडते, म्हणजे बाहेर ऐकू जात नाही. मंडळीतल्या एका बहिणीला धीर करून सांगितलं, तर ती म्हणाली, ‘विश्वास पक्का असेल तर चिंता शिवतसुद्धा नाही.’ तेव्हापासून देवापुढे जायचीच लाज वाटते. माझा विश्वास खोटा आहे का?
– एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

नाही, तुझा विश्वास खोटा नाही. ज्याचा विश्वास खोटा असतो तो पहाटे तीनला उठून ‘माझा विश्वास खोटा आहे का’ म्हणून तळमळत नाही. त्या बहिणीच्या मनात वाईट काही नसेल, पण तिच्या बोलण्यानं तुझं नुकसान झालंय. आधी नुसता ताण होता, आता त्यावर अपराधीपणा चढलाय. जिथं ओझं उतरवायचं, तिथंच जायची लाज वाटायला लागली. मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त काळजीची वाटली ती हीच गोष्ट. कामं पुष्कळांना असतात, पण देवापासूनच तोंड लपवावंसं वाटणं फार थकवणारं असतं.

तिनं बहुधा बायबलच्या नव्या करारातल्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय मनात धरला असेल. ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका.’ हे वचन आपण भिंतीवर लावतो, एकमेकांना पाठवतो, पण ज्या पत्रात ते आहे ते पत्र सलग वाचत नाही. तू एकदा वाच. चारच अध्याय आहेत, अर्धा तासही लागणार नाही. प्रेषित पौल ते फिलिप्पैच्या मंडळीला बंदिवासातून लिहितोय आणि निकाल जगण्याचा लागेल की मरणाचा, हे त्याला माहीत नाही. दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीताची हकिगत येते. फिलिप्पैच्या मंडळीनं त्याला पौलाच्या मदतीला पाठवलं आणि तिथं तो इतका आजारी पडला की मरणाच्या दारात गेला. तो वाचला तेव्हा पौल म्हणतो की देवानं त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. त्याला परत पाठवतोय ते तुम्हाला आनंद व्हावा आणि माझंही दुःख हलकं व्हावं म्हणून, असंही तो मोकळेपणानं लिहितो. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात तर फटके, तुरुंग, फुटलेली जहाजं, भूक, थंडी असं सगळं सांगून झाल्यावर तो आणखी एका गोष्टीची भर घालतो, सगळ्या मंडळ्यांची रोजची चिंता. रोजची, बरं का. पौलाला चिंता शिवत होती आणि ते लिहून ठेवायला त्याला संकोच वाटला नाही.

प्रभू येशूचंच पाहा ना. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत त्यानं पेत्र, याकोब आणि योहान या शिष्यांना जवळ घेतलं आणि माझा जीव मरणप्राय खिन्न झालाय, तुम्ही इथं थांबा, माझ्याबरोबर जागे राहा, असं सांगितलं. त्यानं आपली घालमेल लपवली नाही. प्रार्थनाही त्यानं एकदाच करून सोडून दिली नाही, तीच विनंती तो पुन्हा पुन्हा करत राहिला. तेव्हा आपण रोज तेच गाऱ्हाणं घेऊन जातो, देव कंटाळला असेल, असा विचार मनात आला तर तो बाजूला सार.

आता प्रार्थनेविषयी. तू काय शब्दांत प्रार्थना करतेस हे पत्रात लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज आहे की ‘प्रभू, मला शांती दे’ याच्या पुढे तू फारशी जात नसशील. फिलिप्पैकरांसच्या त्या वचनात चिंता करू नका याच्या लगेच पुढे आपली मागणी देवाला कळवा असं आहे, तेही आभार मानून. कळवायचं म्हणजे नावानिशी, तपशिलानं सांगायचं. ‘गुरुवारच्या मीटिंगची भीती वाटते. सासूबाईंचा रिपोर्ट यायचाय. धाकट्याचा अभ्यास माझ्याकडून होत नाही. आणि प्रभू, खरं सांगते, रात्री त्यांनी तिसऱ्यांदा हाक मारली की मला त्यांचा राग येतो.’ शेवटचं वाक्य तू आजवर कोणाजवळ बोलली नसशील, पण देवाला ते आधीच ठाऊक आहे आणि तरी तो तुझ्या तोंडून ऐकायला बसलाय. तेराव्या स्तोत्रात दावीद पहिल्या दोन ओळींतच देवाला चार वेळा ‘किती वेळ?’ असं विचारतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. तरीही ती दोन्ही पवित्र शास्त्रात आहेत. देवाला छान छानच ऐकायचं असतं तर ती तिथं राहिली असती का?

मन ऑफिसच्या मेलमध्ये जातं, तर त्याला ओढून परत आणण्यात शक्ती घालवू नकोस. त्या मेलचीच प्रार्थना कर. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेलाईट (कॅथलिक संन्याशांच्या एका संघाच्या) मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा साधा साधू होता. त्याची बरीच वर्षं मठाच्या स्वयंपाकघरात गेली. कामाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ यांत मला फरक वाटत नाही, भांड्यांच्या खडखडाटातही मी देवाजवळच असतो, असं त्याचं म्हणणं होतं. तुझ्याकडे गुडघे टेकून बसायला सलग अर्धा तास नाही, तर नसू दे. लिफ्टमध्ये, भाजी चिरताना, सासूबाईंचे केस विंचरताना एक-एक वाक्य बोल. पहाटे तीनला जाग आली की फक्त चौथ्या स्तोत्राची शेवटची ओळ सावकाश म्हण. निवांत पडून झोपी जायची ती ओळ कितीतरी शतकं मंडळी रात्रीच्या प्रार्थनेत म्हणत आलीय. डोक्यातली कामं उशाशी ठेवलेल्या कागदावर उतरव आणि सकाळपर्यंत ती प्रभूच्या ताब्यात दे. मोबाइल मात्र दुसऱ्या खोलीत ठेव.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. मागितलं ते मिळेल, असं फिलिप्पैकरांसचं ते वचन म्हणत नाही. मीटिंग अवघडच जाईल, हप्ता तेवढाच राहील. वचन आहे ते अशा शांतीचं, जी आपल्या बुद्धीला उलगडत नाही आणि तरी मनाची राखण करते. ती एका रात्रीत येते असंही नाही. त्याच अध्यायात पौल म्हणतो, आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलोय. प्रेषिताला जे शिकावं लागलं, ते तुला शिकायला वेळ लागला तर त्यात कमीपणा कसला?

पण सगळं प्रार्थनेवर सोडून भागणार नाही. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया ईझबेल राणीच्या धमकीनं पळाला, रानात एका झुडपाखाली बसला आणि आता पुरे, माझा प्राण घे, असं देवाला म्हणाला. तेव्हा देवानं त्याला विश्वासावर प्रवचन दिलं नाही. त्याला झोपू दिलं. मग दूतानं उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. तो पुन्हा झोपला. दूतानं पुन्हा उठवून खाऊ घातलं. देवाच्या डोंगराचा, होरेबचा, प्रवास त्यानंतरचा. थकलेल्या माणसाला देव कसा वागवतो हे बघायचं असेल तर पहिल्या राजांच्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय वाच. आणि या आठवड्यात डॉक्टरांकडे जाच. कित्येक महिने झोप नाही आणि छाती धडधडते, हे तपासून घ्यायलाच हवं. त्यांनी समुपदेशकाकडे जायला सांगितलं किंवा औषध दिलं तर विश्वास कमी पडला असं समजू नकोस. पौलाच्या सोबत्यांत लूक होता, आणि पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. कधी जगणंच नकोसं वाटलं तर मात्र थांबू नकोस, त्याच क्षणी नवऱ्याला उठव आणि मदत घे.

तुझ्या पत्रात नवऱ्याचा उल्लेखच नाही. नळ सोडून रडतेस म्हणजे त्यांनाही कळू देत नाहीस. आज रात्री मुलं झोपली की मला लिहिलंयस तेच पत्र त्यांना वाचायला दे. बोलायला शब्द सापडत नसतील, तर ते तू आधीच लिहिलेत. सासूबाईंच्या रात्रीच्या हाका दोघांनी वाटून घ्या. त्या त्यांच्या आई आहेत.

आता चर्चची कामं. इथं मी जरा कडक बोलणार आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे तंटे सोडवत बसायचा. त्याचा सासरा इथ्रो आला, त्यानं हे बघितलं आणि सरळ सांगितलं, तू करतोस हे ठीक नाही, तू झिजून जाशील आणि लोकही थकतील. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमायला लावली. मोशेनं ऐकलं आणि त्याची सेवा काही कमी झाली नाही. तू संडे स्कूल ठेव. त्याबद्दल तुझी तक्रार नसेल असं मी धरून चालते, पण ती असेल तर तेही थांबव. गाणं तुला उभारी देत असेल तर तेही राहू दे. हिशोब मात्र सोड. आकडे जुळवणारी दुसरी कोणी तरी मंडळात नक्की सापडेल, आणि नाही सापडली तर तो प्रश्न मंडळानं सोडवायचा. येत्या रविवारी वही, पावत्या आणि चावी अध्यक्षांच्या हातात दे. कारण विचारलं तर तब्येत बरी नाही म्हणून सांग, ते खरंच आहे. ‘वर्षअखेरीपर्यंत तरी बघ ना’ असं कोणी म्हटलंच, तरी हो म्हणू नकोस.

तुझी,
ताई