हरलो तर मथळा, जिंकलो तर चार ओळी

प्रश्न : मी खेळाडू नाही, प्रशिक्षकही नाही, नुसता प्रेक्षक आहे. खो-खोच्या राज्य स्पर्धा मात्र अनेक वर्षे मैदानाच्या कडेला बसून पाहत आलो आहे. आमच्या जिल्ह्याचा संघ पुणे किंवा ठाण्याकडून हरला की दुसऱ्या दिवशी ‘धुव्वा’, ‘सपशेल शरणागती’ असे मथळे येतात. जिंकला तर आतल्या पानावर चार ओळी मिळतात आणि त्यांतही ‘दुष्काळी मराठवाड्यातील मुलींनी’ हे ठरलेले शब्द असतात. या लोकांना आमच्या मातीचा राग आहे काय? असे वर्तमानपत्र बंद करावे की प्रेस कौन्सिलकडे तक्रार करावी? — एक वाचक, धाराशिव

उत्तर : आपला संताप मला समजतो आणि त्यातला बराचसा मान्यही आहे. मातीचा राग मात्र मला त्यात दिसत नाही. ज्याने मथळा दिला त्याने सामना पाहिलेला नसतो, हे खरे दुखणे आहे. बातमी पाठवणारा वार्ताहर त्याच दिवशी बाजार समितीचे भाव, एखादी चोरी आणि पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात यांच्या मागे धावलेला असतो, तर मथळा देणारा उपसंपादक शेकडो किलोमीटर दूर बसून, पान सोडण्याची वेळ टळू नये म्हणून हाताशी असलेला तयार शब्द उचलतो. विद्युतझोतातले सामने रात्री उशिरापर्यंत चालतात आणि जिल्ह्यांत पाठवायची लवकरची डाक आवृत्ती त्याआधीच छपाईला गेलेली असते. त्यामुळे विजयाची बातमी एक दिवस शिळी होऊन येते आणि शिळ्या बातमीला चार ओळींपेक्षा जास्त जागा मिळत नाही.

‘धुव्वा’ या मथळ्याने नेमके काय हरवते, ते आपल्याला मी सांगायला नको. खो-खोच्या चांगल्या वृत्तांतात खेळाडूच्या नावापुढे कंसात ‘२.१०, १.४० मि. संरक्षण व ३ गुण’ असे आकडे असतात. जाणकार वाचक तेवढ्यावरून ताडतो की ही मुलगी एका पाळीत दोन मिनिटे दहा सेकंद आणि दुसऱ्या पाळीत एक मिनिट चाळीस सेकंद टिकली आणि आक्रमणात तिने तिघींना बाद केले. डावाने झालेला एकतर्फी पराभव वेगळा, बरोबरीनंतरच्या अलाहिदा (जादा) डावापर्यंत खेचून एका गुणाने गमावलेला सामना वेगळा. या दोहोंना एकच शब्द लावणे हा पक्षपात असेलच असे नाही, आळस मात्र नक्की आहे.

‘दुष्काळी’ या विशेषणाबद्दल आपण लिहिले ते शंभर टक्के खरे आहे, आणि मला तर ते पराभवाच्या मथळ्याहून अधिक खटकते. धाराशिवच्याच सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. तेव्हाच्या अनेक बातम्यांचा भर दिवसातून एकदाच मिळणाऱ्या त्यांच्या जेवणावर होता. ती हकिगत खरीच होती आणि सांगण्यासारखीही होती. परंतु सारिका मैदानावर पाठलाग कसा करतात, संघ कसा हाताळतात, हे त्या बातम्यांत शोधूनही सापडत नव्हते.

आता जिथे मला आपल्याशी सहमत होता येत नाही, ते सांगतो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, असे चाहत्याने म्हणावे; पत्रकाराने तसे म्हणू लागावे ही अपेक्षा रास्त नाही. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत ८ मिनिटे १४.१८ सेकंदांत अकरावे आले. त्या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारे ते पहिले भारतीय पुरुष धावपटू, ही गोष्ट अकराव्या क्रमांकाखाली दडपली जाऊ नये. परंतु महिन्याभरापूर्वीच पॅरिसच्याच डायमंड लीग या आंतरराष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत ८ मिनिटे ०९.९१ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम करणारा धावपटू मोठ्या दिवशी चार सेकंदांनी मागे का पडला, हा प्रश्न कुणी विचारला तर त्यात बीडचा अपमान नाही. किंबहुना तो प्रश्न विचारणाऱ्यानेच शर्यत लक्ष देऊन पाहिलेली असते. ‘आशेवर पाणी’ या धर्तीचा मथळा त्या प्रश्नाच्या वाटेलाही जात नाही.

शिवाय आपल्या भागातली काही पत्रे कौतुकात कमी पडत नाहीत, उलट त्यांनी थोडा हात आखडता घ्यावा असे वाटते. निवड झालेला प्रत्येक खेळाडू ‘तालुक्याची शान’ होतो आणि सत्काराच्या छायाचित्रात शाल, श्रीफळ व आठ-दहा पुढारी मध्यभागी असतात, तर सत्कारमूर्ती कडेला अर्धी कापली गेलेली असते. सराव शिबिर पुरेसे दिवस चालले का, मैदानावर पाणी मारले होते का, निवड चाचणी कुणासमोर झाली, हे विचारणारी बातमी मात्र क्वचित येते. ती आली तर कदाचित आपल्यालाच ती नकारात्मक वाटेल!

प्रेस कौन्सिलचा मार्ग आहे, पण तो या कामाचा नाही. कठोर मत किंवा भडक मथळा एवढ्यावर तेथे फारसे काही निघणार नाही. वस्तुस्थितीची चूक किंवा बदनामी असेल तर आधी संपादकांना लेखी कळवावे लागते आणि दैनिकाबाबतची तक्रार प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत करावी लागते. वर्तमानपत्र बंद केल्याने तर फक्त आपल्या गल्लीतल्या विक्रेत्याचा तोटा होईल. त्याऐवजी जिल्हा संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना भेटा आणि सामना संपताच गुणपत्रकाचे स्वच्छ छायाचित्र त्याच रात्री क्रीडा विभागाकडे जाईल, अशी सोय करायला लावा. दोन्ही संघांच्या खेळाडूंची नावे सोबत वेगळी टंकलिखित करून पाठवा, कारण हाताने लिहिलेल्या पत्रकावरून आडनावे हमखास चुकतात. आणि आपण कडेला बसलेलेच असता, तर सामना कुठे फिरला हे तीन-चार वाक्यांत आपणच लिहून जोडा, प्रतिस्पर्ध्यांच्या चांगल्या खेळासकट.