लिलावातला जुना कोश घेऊ का?

प्रश्न : सर, एका ऑनलाइन लिलावात मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती आलीय, बोली वीस हजारापासून आहे. लावू का? नंतर अमेरिकेतल्या भावाला द्यायचाय.
- एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, बोली लावायच्या आधी त्यांच्याकडून मुखपृष्ठाच्या आतलं छापील शीर्षक-पान, शेवटचं पान आणि पाठीचा कणा यांचे क्लोजअप फोटो मागवाच, कारण या कोशाची पुनर्मुद्रणंही निघालीत आणि नुसत्या कव्हरवरून कळत नाही. माझ्याकडची प्रत मी घाईत घेतली, घरी येऊन उघडली तर कसरीनं मधल्या पानांत आरपार भोक पाडलेलं, चामड्याची तांबडी भुकटी बोटांना लागत होती आणि शेवटची काही पानं नव्हतीच! अजून वाईट वाटतं. म्हणून पानं पूर्ण आहेत का हे लेखी घ्या. बांधणी नवी असेल तर हरकत नाही, वाचायला उलट बरी, पण मग किंमत कमी हवी.

दुसरं म्हणजे हातोडा पडला ती अंतिम किंमत नसते. समजा वीस हजारांवर २० टक्के प्रीमियम, म्हणजे लिलाववाले घेणाऱ्याकडून वर घेतात ते कमिशन, की झाले २४ हजार, वर टॅक्स आणि कुरिअर, तेव्हा आकडा आधीच कागदावर लिहा आणि त्याच्या पुढे जाऊ नका.

भावाचं मात्र अवघड आहे. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरच्या पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत, त्यामुळे पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय पार्सल करू नका. भावाला पुनर्मुद्रण पाठवा, जुनी प्रत सांगलीतच राहू दे.