लंडनला पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

चार दिवसांत सगळे लंडन पाहण्याचा हट्ट तुम्ही धरू नये, असे मला मनापासून वाटते. १७५३ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश म्युझियमच्या कायमस्वरूपी दालनांना आजही प्रवेशशुल्क नाही. त्यामुळे ते एका दमात उरकण्याऐवजी दोन वेगवेगळ्या दिवशी, उघडण्याच्या वेळीच जाऊन दोन-दोन तास पाहावे. एकच मजकूर दोन भाषांत आणि तीन लिप्यांत कोरलेल्या रोझेटा शिळेभोवती नंतर इतकी गर्दी जमते की अक्षरे नीट दिसत नाहीत, आणि ज्या शिळेच्या आधारे फ्रेंच अभ्यासक शांपोल्यिओँने १८२२ मध्ये इजिप्तच्या चित्रलिपीचा उलगडा केला, ती अशी घाईत पाहणे योग्य नव्हे. तिथून अमरावतीच्या स्तूपावरील शिल्पांच्या दालनाकडे अवश्य वळा. चुनखडीच्या दगडातील ते बारीक कोरीव काम आंध्रातून इतक्या दूर आलेले पाहताना मन हेलावते, आणि तिथे बहुधा शांतताही मिळते.

टॉवर ऑफ लंडनला मात्र तिकीट लागते. ते आधीच ऑनलाइन काढावे.

एक दुपार किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरासाठी राखून ठेवा. १९२१-२२ मध्ये शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते, आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. चॉक फार्म स्थानकावरून तिथे चालत जाता येते. निघण्यापूर्वी त्या दिवशीची वेळ तेवढी तपासून घ्यावी.