दिवाळीत भाचरांना आणि घरच्यांना शंभर-दीडशे रुपयांत काय भेट द्यावी?

भाचरांना किल्ल्याचं सामान द्या: मातीचे तीन-चार छोटे मावळे आणि मूठभर मोहरी, अळीव, सगळं एका कापडी पिशवीत. दरवर्षी मुलांबरोबर किल्ला करते, त्या अनुभवावरून सांगते, ही भेट वसुबारसेच्या आठवडाभर आधी पोहोचली पाहिजे. पेरलेलं बी रुजून किल्ला हिरवा दिसायला चार-पाच दिवस लागतात. भाऊबीजेला दिलेले मावळे पुढच्या दिवाळीपर्यंत खोक्यातच राहतात. वाचणारं मूल असेल तर ‘किशोर’चा दिवाळी अंक घ्या. बालभारती हे मासिक १९७१ पासून काढते आणि इतर दिवाळी अंकांच्या मानाने ते स्वस्त असतं. आत मुलाचं नाव घालून स्वतःच्या हाताने दोन ओळी जरूर लिहा. आजी-आजोबांना त्यांच्या जुन्या फोटोची मोठी प्रत, किंवा जाड, ठळक अक्षरांत सगळ्यांचे फोन नंबर लिहिलेली वही. ही वही खरोखर रोज हाताळली जाते. बाकीच्यांना घरचं उटणं पुरे. फक्त तीन वर्षांखालच्या मुलांना मावळे नकोत, लहान तुकडे तोंडात जातात. त्यांना कापडी चेंडू द्या.