हंगाम हातचा गेला, आता तालमीत काय सांगू?

प्रश्न : मी कोल्हापुरातील एका तालमीच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक आहे. यंदा शेवटच्या २० मिनिटांत आम्ही वारंवार गोल खाल्ले आणि सामने गमावले. तालमीच्या बैठकीत काय सांगावे?

उत्तर : आपल्या प्रश्नातच निम्मे उत्तर आहे. अखेरच्या टप्प्यात गोल बसतात, तेव्हा बहुधा खेळाडूंचा दमसास संपलेला असतो किंवा बदली खेळाडू उशिरा उतरवलेले असतात, आणि या दोन्ही गोष्टी प्रशिक्षकाच्याच हाती असतात. म्हणून पंच, मैदान किंवा एखाद्या पोराचे नाव न घेता, कोणत्या सामन्यात कोणता निर्णय चुकला, हे आपण स्वतः उभे राहून सांगावे. २०१४च्या विश्वचषकात जर्मनीकडून ब्राझील ७-१ असा हरला, तेव्हा प्रशिक्षक स्कोलारी यांनी जबाबदारी स्वतःवर घेतली होती. राजीनाम्याचा विचार नंतर करता येईल; आधी पुढच्या सरावाचा आराखडा लिहून न्या. आणि ज्या बचावपटूला शाहू स्टेडियमच्या गॅलरीतून बोल ऐकावे लागले, त्याच्या घरी बैठकीपूर्वीच जा. त्याच्या आईवडिलांसमोर, ‘चूक माझी होती,’ एवढे जरूर म्हणा.